बारानंतर पाणी नाही

कागद कन्नडात आहे, खाली इंग्रजी.
मराठी नाही, म्हणून मला पाठवलंय, वृषाली.
इथं सही कर म्हणायचं,
तू केलीस की खाली जायचं. एवढंच काम.
खरं मी खुर्ची ओढून बसतो जरा.

मूगु म्हणजे नाक. तेवढं येतंय तुला,
बेळगावात वाढलीस, कंडक्टरशी भांडली असशील.
त्याच्या पुढची ओळ मात्र सगळेच घाईनं वाचतात:
दुसऱ्यांदा करावं लागू शकतं.
बोट ठेव त्यावर. मी थांबतो.

मिश्री लावतीस काय?
आई होती तेव्हा नाही म्हणालीस.
आता ती कॅन्टीनला गेलीय.
मी निपाणीची. माझी आई वखारीत तंबाखू चाळायची,
शिंकत घरी यायची, शिंकत भाकरी थापायची.
ती रक्तात किती दिवस राहती
ते मला नर्सिंगच्या पुस्तकानं नाही शिकवलं.
लावत असशील तर आत्ता सांग.
जखमेला खोटं कळतंय.

सातव्या दिवशी प्लास्टर निघेल
आणि दिसेल ते नाक नव्हं, सूज.
डोळ्यांखाली जांभळं, मग हिरवं, मग पिवळं,
आढीतल्या आंब्यासारखं.
सगळं बसायला एक पाडवा ते दुसरा पाडवा.
शेंडा बधिर. हात लावशील तर
शेजारणीच्या नाकाला लावल्यासारखं.
शिंकरायचं नाही. उताणं झोपायचं, तीन उश्यांवर.
भाऊ खडे बाजारातनं कौतुकानं कुंदा आणेल
आणि तो तुला ओल्या पिठासारखा लागेल.
दहाव्या-बाराव्या दिवशी रडू येतंय, उगंच.
हे कुठल्याच भाषेत छापलेलं नाही.

नकटीच्या लग्नाला...
बघायला आलेल्यांपैकी कोण म्हणालं ते?
नको सांगू.
खरं ते लोक, त्यांची ती मावशी, तो मोबाईलमधला बाजूचा फोटो,
हे काहीच नसतं तर,
तरी आली असतीस काय?
मला उत्तर नको. मी आपलं बीपी बघतो.

चिकोडीच्या एक बाई होत्या, शाळेत पी.टी. घ्यायच्या.
पन्नाशीला आल्या, स्वतःचे पैसे मोजून,
नवरा खाली स्कूटरवर बसून.
आता दिवाळीला बाजूनं फोटो काढून पाठवतात मला.
खूश आहेत. खोटं कशाला बोलू?

आणि खानापूरची एक पोर, वर्षानं आली दाखवायला.
नाक सरळ, सुबक. डॉक्टर हसले, मीही हसलो.
जिन्यात म्हणाली, अक्का, आई गेली मार्चमध्ये.
आरशात तिचं नुसतं कपाळ उरलंय.

दोघींचं ड्रेसिंग मीच केलं होतं.

सकाळी डॉक्टरांना विचार, गुंगी चढायच्या आधी:
हाड कापणार की नुसती कूर्चा?
भूल देणारे कोण, शेवटपर्यंत थांबणार काय?
श्वास आत्ता येतोय तेवढा राहील काय?
आधीचे, नंतरचे फोटो सगळेच दाखवतात.
श्वासाचा फोटो येत नाही.

चमकी काढ. फिरकी उलटी फिरती, हं, हळू.
भोक बुजतंय कधीकधी,
यावेळी लिंबाची काडीही घालता येणार नाही.
लिफाफ्यावर नाव मराठीतच लिहितो.
रजिस्टर त्यांचं त्यांच्यापाशी.

सही? राहू दे.
सहाला येतो मी, तेव्हाही कागद हाच असेल.
नको म्हणालीस तर
भरलेल्यातले थोडे पैसे कापतील.
नाक कापलं जात नाही, वृषाली.

साडेअकरा झाले. अर्धा पेला घे, मग बंद.
उद्यापासून आठवडाभर तोंडानं श्वास घ्यायचाय.
आज तोंड मीट, दिवा मी घालवतो.
आहे त्या नाकानं झोप.